विश्रामबागेतलं गेमिंग पार्लर आणि त्यांचं नॉकआउट पॅकेज: सोळा खेळाडूंना तीन तास पुरतात का?

सांगलीत विश्रामबागेच्या कॉलेज पट्ट्यातल्या एका गेमिंग पार्लरने स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी पॅकेज काढलंय. चार पीएस फाइव्ह कन्सोल, चार मॉनिटर, आठ कंट्रोलर आणि स्कोअर लिहायला त्यांचा एक मुलगा. सोळा खेळाडूंची फुटबॉल नॉकआउट, तीन तासांचे १८०० रुपये. आधी सांगून साडेतीन तास घेतले तर २१००. न सांगता वेळ वाढली तर सुरू झालेल्या प्रत्येक अर्ध्या तासाला ४५०.

जागा चांगली आहे. मॉनिटर एका ओळीत न लावता दोन-दोन पाठीला पाठ लावलेत, त्यामुळे शेजारच्या सामन्याकडे नजर जात नाही. एसी चालतो, खुर्च्या धड आहेत, बघ्यांना उभं राहायला मागे जागा आहे. या बाबतीत पूर्ण गुण. हे परीक्षण लिहायचं कारण वेगळं आहे. बुकिंग केल्यावर ते व्हॉट्सॲपवर जे वेळापत्रक पाठवतात, त्यावर भरवसा ठेवून तीन तास घेतले तर बहुतेक वेळा ४५० रुपये जादा जातात आणि फायनल घाईत उरकावी लागते.

त्यांचं वेळापत्रक असं: पहिल्या फेरीपासून सेमीफायनलपर्यंत बेस्ट ऑफ थ्री (आधी दोन गेम जिंकेल तो पुढे), फायनल बेस्ट ऑफ फाइव्ह (आधी तीन जिंकेल तो विजेता), एका गेमला १२ मिनिटं, एकूण अंदाजे २ तास ५० मिनिटं. हा आकडा हवेतला नाही, याचं आधी कौतुक. बहुतेक ठिकाणी ‘होईल की तीन तासात’ एवढंच उत्तर मिळतं. इथे कोणीतरी बसून हिशोब केलाय. चार मिनिटांचा हाफ ठेवला की खेळ ८ मिनिटांचा, आणि टीम निवडणं, हाफटाइम, गोलचे रिप्ले, निकाल लिहून घेणं यात ४ मिनिटं. म्हणजे १२ बरोबर आहे.

पुढचाही भाग सुरुवातीला बरोबरच जातो. दोघे तोडीस तोड असतील तर बेस्ट ऑफ थ्री दोन गेममध्ये संपायची शक्यता निम्मी आणि तिसऱ्यात जायची निम्मी, म्हणजे सरासरी अडीच गेम. बेस्ट ऑफ फाइव्ह तीन गेममध्ये संपायची शक्यता २५ टक्के, चारमध्ये ३७.५, पाचमध्ये ३७.५, म्हणजे सरासरी ४.१२५ गेम. पहिल्या फेरीत आठ सामने आणि कन्सोल चार, म्हणून दोन घाण्या (एका वेळी चालणाऱ्या चार सामन्यांची एक घाणी), ५ गेम. क्वार्टर फायनल अडीच, सेमी अडीच, फायनल ४.१२५. बेरीज १४.१२५ गेम, गुणिले १२, साधारण १७० मिनिटं. हेच त्यांचे २ तास ५० मिनिटं.

चूक आहे ती क्वार्टर फायनलला अडीच गेम धरण्यात. एका सामन्याची सरासरी अडीच आहे, पण तिथे चार सामने एकाच वेळी चालू असतात आणि पुढची फेरी सगळ्यात उशिरा संपणाऱ्या सामन्यानंतरच सुरू होते. चारही सामने दोन-दोन गेममध्ये आटपायला हवेत, तरच ती फेरी दोन गेममध्ये संपेल. त्याची शक्यता अर्ध्याचा चौथा घात, म्हणजे १६ त १. उरलेल्या १५ वेळा कोणीतरी एक जोडी तिसऱ्या गेमला जाते आणि बाकीचे सहा जण मोबाइल बघत बसतात. त्यामुळे चार कन्सोलच्या एका घाणीला अडीच नाही, २.९४ गेम लागतात. सेमीफायनलला दोनच सामने असतात, तरी तिथे २.७५.

आता बेरीज पुन्हा करू. पहिल्या फेरीच्या दोन घाण्या ५.८७५, क्वार्टर २.९४, सेमी २.७५, फायनल ४.१२५. एकूण १५.६९ गेम, म्हणजे १८८ मिनिटं, ३ तास ८ मिनिटं. सरासरीच्या हिशोबापेक्षा १९ मिनिटं जास्त. हा फरक कोणाच्या ढिलाईमुळे पडलेला नाही. वेळेवर आलेल्या, पटापट खेळणाऱ्या पोरांनाही तो चुकत नाही.

नुसती नवी सरासरी काढून थांबू नका. स्पर्धा भरवणाऱ्याला हवं असतं ते हे, की किती वेळात संपण्याची खात्री कितपत आहे. वरच्याच शक्यता एकमेकींत गुणून जोडल्या तर चित्र असं दिसतं. जास्तीत जास्त १७ गेम लागू शकतात, त्याची शक्यता २३ टक्के. १६ किंवा त्याहून जास्त लागतील याची ५९ टक्के. १५ किंवा जास्त लागतील याची ८८ टक्के. म्हणजे १४ गेममध्ये आटपेल, जे पार्लरचं वेळापत्रक गृहीत धरतं, त्याची शक्यता शंभरात १२. असं वेळापत्रक नवशिक्या आयोजकाला देणं बरोबर नाही. ते वाचून तो बक्षीस द्यायला पाहुण्यांना पावणेतीन तासांनी बोलावतो आणि पाहुणे अर्धवट फायनल बघत उभे राहतात.

पैशांत मांडलं तर निर्णय सोपा होतो. सुरुवातीला पाच मिनिटं उशीर धरा, तो होतोच. तीन तासांतले १७५ मिनिटं उरतात, त्यात १४ गेम बसतात (१६८ मिनिटं), पंधरावा बसत नाही. म्हणजे ८८ टक्के वेळा ४५० चा भुर्दंड, सरासरी खर्च १८०० अधिक ३९८, जवळपास २२०० रुपये. साडेतीन तास आधीच घेतले तर हाताशी २०५ मिनिटं, आणि सतरा गेमना लागतात २०४. खर्च २१००, डोक्याला ताप नाही. पण सुरुवातीचा उशीर दहा मिनिटांवर गेला की सतरा गेमचा दिवस साडेतीन तासांतही मावत नाही आणि त्याचा सरासरी खर्च २२०० च्या आसपास जातो, तीन तासांच्या पर्यायाचा २३०० च्या. तेव्हा साडेतीन तास घ्या आणि रिपोर्टिंग टाइम खरोखर पाळायला लावा. दोन्ही केलं तरच भुर्दंड टळतो.

इथे शंका येईल की सगळे तोडीस तोड कुठे असतात? रोज खेळणारा आणि सुट्टीत घरी आलेला, दोघे एकाच ड्रॉमध्ये असतात. हे खरं आहे, आणि त्याने वेळ कमी होतो, पण वाटतो तेवढा नाही. एक जण दर गेम ७० टक्के वेळा जिंकतो असं धरलं तर सामना तिसऱ्या गेमला जायची शक्यता ५० वरून ४२ टक्क्यांवर येते. ८० टक्के धरलं तर ३२. पण चार सामने एकत्र चालू असताना निदान एक तिसऱ्याला जाईल याची शक्यता ७० टक्केवाल्या जोड्यांत ८९ टक्के, ८० टक्केवाल्या जोड्यांतही ७९ टक्के राहते. खेळाडूंची ताकद माहीत नसेल तर अर्धा-अर्धाच धरा. बेस्ट ऑफ थ्री असो वा फाइव्ह, सगळ्यात जास्त वेळ त्याच गृहीतकात लागतो, त्यामुळे अंदाज चुकला तरी तुमच्या फायद्याच्या बाजूने चुकेल.

काउंटरवर नेहमी विचारला जाणारा प्रश्न: ‘अजून एक एन्ट्री घेऊ का?’ पार्लर हो म्हणतं, कारण एन्ट्री वाढली की त्यांचा वेळ विकला जातो. सतराव्या एन्ट्रीसाठी एक जादा सामना लागतो, तो एकटा चालतो, तीन कन्सोल रिकामे राहतात आणि अर्धा तास जातो. वीस एन्ट्री घेतल्या तर चार जादा सामने एकाच घाणीत होतात, ३५ मिनिटं. म्हणजे सतरा आणि वीस यांत पाच मिनिटांचा फरक. एक तर सोळावर ठाम थांबा, नाही तर सरळ वीस भरा आणि चार तास घ्या. वीस जणांत बारा जणांना बाय (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) द्यावा लागतो. त्या बायच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा, कारण निकालापेक्षा यावरून जास्त वाद होतात.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना पार्लर सेमीफायनलनंतर आणि फायनलच्या आधी लावतं, सगळ्यांना तो बघता यावा म्हणून. हेतू चांगला, पण यात सरासरी अर्धा तास जातो. तोच सामना फायनलबरोबर दुसऱ्या कन्सोलवर लावला तर एक मिनिटही वाढत नाही: बेस्ट ऑफ थ्री जास्तीत जास्त तीन गेमचा आणि बेस्ट ऑफ फाइव्ह कमीत कमी तीनचा. हे मालकांना सांगितलं की ते लगेच ऐकतात.

फेरी-फेरीने थांबण्याची त्यांची पद्धतही बदलून घ्या. पहिल्या फेरीत कन्सोल रिकामा झाला की लगेच पुढची जोडी बसवली, तर दोन घाण्यांना ५.८७५ ऐवजी ५.६८ गेम लागतात. वाचतात फक्त सव्वादोन मिनिटं, तेव्हा याच गोष्टीवर धावपळ करण्यात अर्थ नाही. खरी बचत पुढे आहे. क्वार्टर फायनलच्या एखाद्या सामन्याचे दोन्ही खेळाडू ठरले की तो लगेच सुरू करा, बाकीच्या फेरीची वाट बघू नका. त्यासाठी पहिल्या फेरीतले सामने ड्रॉच्या क्रमानेच लावा, म्हणजे एक आणि दोन शेजारी शेजारी, तीन आणि चार शेजारी शेजारी. पार्लरचा मुलगा जे खेळाडू हजर दिसतील त्यांना बसवतो, मग एक नंबरचा सामना संपून पडतो आणि दोन नंबरचा अजून सुरूच झालेला नसतो.

बरोबरीचा प्रश्न त्यांच्या नियमांच्या कागदावर अर्धवट आहे. एक्स्ट्रा टाइम ठेवायचा की थेट पेनल्टी, हे लिहिलेलंच नाही. चार मिनिटांच्या हाफमध्ये एक्स्ट्रा टाइम २ मिनिटं ४० सेकंदांचा होतो, वर पेनल्टी. चारपैकी एक गेम बरोबरीत सुटतो असं धरा. मग एकाच वेळी चालू असलेल्या चार गेमपैकी निदान एकात जादा वेळ लागायची शक्यता ६८ टक्के. आठ सेटअपच्या मोठ्या हॉलमध्ये हीच शक्यता ९० टक्क्यांवर जाते. थेट पेनल्टी ठेवा आणि ते चिठ्ठ्या काढायच्या आधी जाहीर करा. त्याच वेळी आणखी एक नियम सांगून ठेवा: सेमीफायनल अडीच तासांच्या आत संपली तर फायनल बेस्ट ऑफ फाइव्ह, नाही तर थ्री. सेमीपर्यंत जास्तीत जास्त १२ गेम, म्हणजे १४४ मिनिटं लागतात. पाच मिनिटांच्या उशिरासह १४९. अडीच तास उलटले याचा अर्थ पेनल्टी किंवा उशिराने शिल्लक खाल्ली आहे, आणि पुढचे पाच गेम मावणार नाहीत. हा नियम आधी सांगितला तर कोणी कुरकुर करत नाही. फायनलच्या तोंडावर सांगितला तर भांडण ठरलेलं.

उशिरा येणाऱ्यांचं गणितही चारच्या घाणीनेच बघा. प्रत्येक खेळाडू उशिरा यायची शक्यता दहात एक धरली, तर पहिल्या घाणीतल्या आठ जणांत निदान एक उशिरा असण्याची शक्यता ५७ टक्के होते. मिरजेहून, तासगावहून येणाऱ्यांना दुसऱ्या घाणीत टाकणं हा सोपा उपाय. मात्र हे चिठ्ठ्या काढून झाल्यावर सामन्यांचा क्रम बदलून करायचं, ड्रॉ बदलून नाही.

कंट्रोलरबद्दल एक तक्रार. पार्लरचे आठ चालतात, पण चार्जिंग स्टँड एकच आहे आणि शेवटच्या तासात दोन कंट्रोलर केबल लावूनच वापरावे लागतात. बरेच खेळाडू स्वतःचा आणतात. नुसतं पीएस बटण दाबलं तर पीएस फाइव्हचा कंट्रोलर आधी ज्या कन्सोलला जोडलेला होता त्यालाच जाऊन जोडला जातो. त्यामुळे एका टेबलावरून दुसऱ्यावर नेऊन बटण दाबलं की आधीचा कन्सोल प्रतिसाद देतो आणि तिथे चालू असलेल्या गेममध्ये व्यत्यय येतो. उपाय साधा: प्रत्येक टेबलावर टाइप-सी केबल कायम ठेवा, नव्या जागी बसलं की केबल लावून मधलं पीएस बटण दाबायचं, जोडला गेला की केबल काढायची. पार्लरकडे अशा केबल दोनच आहेत, आपल्या दोन घेऊन जा. यूपीएस फक्त काउंटरच्या कॉम्प्युटरला आहे. लाईट गेली तर चारही गेम एकदम जातात, म्हणून अर्धवट गेम पहिल्यापासून खेळायचा की गोल धरून एक हाफ खेळायचा, हे आधी लिहून घ्या.

संध्याकाळच्या टेकन या फायटिंग गेमच्या स्पर्धांना हा ताण जाणवत नाही. राऊंड ६० सेकंदांचा, तीन राऊंड जिंकायचे, त्यामुळे एक गेम कितीही लांबला तरी पाच मिनिटांच्या खेळात संपतो. तिथे त्यांचं वेळापत्रक डोळे झाकून घ्या.

डबल एलिमिनेशन (दोन सामने हरल्यावरच बाहेर) मात्र या पार्लरमध्ये घेऊ नका, निदान तीन-चार तासांच्या पॅकेजमध्ये तरी. जाहिरातीत लिहिलंय, ‘सामने दुप्पट, वेळ थोडा जास्त’. सोळा जणांत नॉकआउटला १५ सामने, डबलला ३० किंवा ३१. पण सामन्यांच्या संख्येपेक्षा सामन्यांची साखळी बघा. नॉकआउटमध्ये विजेता चार सामने खेळतो. डबलमध्ये पहिलाच सामना हरलेला खेळाडू खालच्या बाजूने (एकदा हरलेल्यांच्या ड्रॉमधून) सहा सामने जिंकून फायनलला येतो, म्हणजे एकामागोमाग एक आठ सामने. तो फायनलचा पहिला सामना जिंकला तर नववा, कारण वरच्या बाजूने आलेल्याचा तो पहिलाच पराभव असतो. तोडीस तोड खेळाडूंत हा नववा सामना लागण्याची शक्यता निम्मी. ही साखळी एकामागोमागच चालणार, कन्सोल दहा आणले तरी ती तुटत नाही.

रविवारी दुपारी ते ‘जिंकेल तो बसेल’ लावतात. पाच जण, एक कन्सोल, जिंकणारा खुर्चीत राहतो, हरणारा रांगेच्या शेवटी जातो आणि जो बाकी चौघांना ओळीने हरवेल तो विजेता. पार्लर यासाठी एक तास देतं. अशा खेळाचा हा गणिती प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीचा आहे. वॉल्डग्रेव्ह नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या नावाने तो ओळखला जातो, आणि फ्रान्सच्या मोंमोर या गणितज्ञाने १७१३ साली गणितज्ञ निकोलस बर्नुलीबरोबरच्या पत्रव्यवहारासह तो छापला. सारख्या ताकदीच्या खेळाडूंना किती गेम लागतील याचं उत्तर असं: तिघांना सरासरी ३ गेम, चौघांना ७, पाच जणांना १५, सहा जणांना ३१. दर नव्या माणसागणिक दुप्पट अधिक एक. पाच जणांच्या १५ गेमना १२ मिनिटांप्रमाणे तीन तास लागतात! तासाभरात, म्हणजे पाच गेममध्ये, आटपण्याची शक्यता १६ त ३. आणि याला वरची मर्यादाच नाही. आपल्याकडच्या निकाली कुस्तीसारखंच आहे, घड्याळ बघून ती संपत नाही. मजा येते, गर्दी जमते, पण एक तासाचे पैसे भरून हे घेणार असाल तर खेळाडू तीनच ठेवा. तिघांत सहा गेमनंतरही निकाल न लागण्याची शक्यता ३२ त १ आहे. पाच जणांनाच घ्यायचं असेल तर दहा गेमची मर्यादा घाला, आणि तोवर कोणी चौघांना ओळीने हरवलं नाही तर सलग सर्वांत जास्त विजय ज्याचे, तो पहिला.

नॉकआउटचं एवढं गणित हाताने करायचं नसेल तर एक्सेलसारख्या शीटमध्ये करा. बेस्ट ऑफ थ्रीच्या प्रत्येक सामन्याला एक रकाना, त्यात रँड फंक्शनचा (० ते १ मधला कुठलाही) आकडा ०.५ पेक्षा कमी आला तर ३, नाही तर २. प्रत्येक घाणीचा सर्वांत मोठा आकडा मॅक्सने घ्या. फायनलला ०.२५ पर्यंत ३, ०.६२५ पर्यंत ४, पुढे ५. सगळ्यांची बेरीज गुणिले १२. ही ओळ हजार वेळा खाली ओढा, आकडे व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा (नाही तर दर क्लिकला बदलत राहतात), चढत्या क्रमाने लावा आणि नऊशेवी ओळ बघा. दहात नऊ वेळा पुरणारा वेळ तो. हजार ओळींत टक्केवारी एखाद्या टक्क्याने इकडेतिकडे होते, बुकिंगसाठी तेवढं पुरे. पार्लरच्या काउंटरवर हेच शीट दाखवून साडेतीन तासांची पावती घ्या, आणि पावतीवर सुरुवातीची वेळ कन्सोल चालू झाल्यापासूनची लिहून घ्या. ते दार उघडल्यापासून धरतात.